डाव्या डोळ्याचं काम

समुद्र संशोधन केंद्रात तिला सगळे थाळीमावशी म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथून ते फारसं कधी बाहेर पडलं नाही. गेली सव्वीस वर्षं, आठवड्यातून दोनदा, आकाश स्वच्छ असेल त्या दिवशी ती बोटीत बसून बंदराबाहेर ठरलेल्या जागी जायची आणि दोरीला बांधलेली एक पांढरी थाळी समुद्रात सोडायची. थाळी दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची, वहीत आकडा लिहायचा आणि थाळी वर ओढून घ्यायची. झालं काम. ऐकणाऱ्याला वाटे, ह्यात काय मोठंसं! पहिले सहा महिने खुद्द मावशीलाही तसंच वाटत होतं.

केंद्रात ती लागली होती बाटल्या धुवायला. हातून बाटली फुटली की काचा गोळा करून थेट साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवायची आणि म्हणायची, "माझ्याकडून फुटली." तेव्हाचे साहेब तापट म्हणून प्रसिद्ध होते, पण तिच्यावर कधी ओरडले नाहीत. महिनाभर काचा बघितल्यावर त्यांनी एके दिवशी तिच्या हातात थाळी दिली. आधीचा माणूस किनाऱ्यावर बसूनच आकडे भरतो, असा त्यांना संशय होता, आणि तो खरा निघाला होता. "जे दिसेल ते लिहायचं," साहेब म्हणाले, "मला आवडेल ते लिहायचं नाही." साहेब पुढे निवृत्त झाले, मग वारले. मावशीने त्यांचं एवढं एकच वाक्य जपून ठेवलं होतं आणि त्यावर तिचं सगळं चाललं होतं.

थाळी कशासाठी, हे तिला हळूहळू समजलं. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारी हिरवी वनस्पती तरंगत असते. तिला म्हणतात प्लवक. एकेक दाणा धुळीच्या कणाहून लहान, पण कोटींनी जमले की पाण्याचा रंगच पालटून टाकतात. कोळंबी असो नाहीतर देवमासा, सगळ्यांचं पोट फिरून फिरून तिच्यावरच येतं. प्लवक वाढलं की निळं पाणी हिरवट होतं आणि थाळी लवकर गडप होते. कमी झालं की पाणी निळं, आणि थाळी खोलवर दिसत राहते.

थाळीबरोबर एक लाकडी रंगपेटीही असायची. तिच्यात काचेच्या एकवीस बंद नळ्या, पहिली गर्द निळी, मग निळसर हिरवी, हिरवी, असं करत करत शेवटची काढ्यासारखी तपकिरी. पेटी पाण्याशेजारी धरायची, कुठली नळी पाण्याशी जुळते ते बघायचं आणि तो क्रमांक लिहायचा. ह्या कामाला मावशी फारसं महत्त्व देत नसे. तिचा जीव थाळीवर. रंगाचा रकाना ती भरायची, कारण तो वहीत छापलेला होता.

आणि वर होता उपग्रह. दुपारी ठरल्या वेळी तो डोक्यावरून जायचा आणि सातशे किलोमीटरवरून समुद्राचा रंग टिपायचा. त्या रंगावरून पाण्यात प्लवक किती, पाणी किती नितळ, असा हिशेब मांडता येतो. पण वरचा हिशेब बरोबर की चूक, हे ठरवायला त्याच वेळी खाली कुणीतरी बघायला हवं. मावशी उपग्रहाला 'जावईबापू' म्हणायची. येण्याची वेळ ठरलेली, त्याआधी सगळं तयार हवं, आणि वाटेत जरा ढग आडवा आला की तोंड फिरवून निघून जाणार! बोटीत बसता बसता ती घड्याळ बघून म्हणायची, "चला, चला, जावईबापू निघाले असतील."

बोट चालवायचा हूंभाऊ. कशालाही उत्तर म्हणून 'हूं' एवढंच बोलायचा, त्यावरून हे नाव. वीस वर्षांपूर्वी, नवा असताना, तो एकदा मावशीच्या शेजारी वाकून म्हणाला होता, "ती बघा, अजून दिसतेय." मावशी कडाडली होती, "तू बोट धर! बघायचं काम एकाच माणसाचं. दोघं बघायला लागले तर आकडा कुणाचा?" तिचं चुकलं नव्हतं, केंद्राचा नियमच तसा होता. माणूस बदलला की नजर बदलते आणि सव्वीस वर्षांच्या आकड्यांची सलग ओळ तुटते. हूंभाऊने ते इतकं मनावर घेतलं की मावशी पाण्याकडे वाकली की तो मुद्दाम किनाऱ्याकडे तोंड करायचा.

तर अशा ह्या मावशीच्या आयुष्यात, निवृत्तीला वर्ष राहिलं असताना, मानाचा दिवस आला.

केंद्रात दोन वर्षांपूर्वी एक नवी शास्त्रज्ञ आली होती. वय तिशीच्या पुढचं, केस कायम पेन्सिलीने वर खोचलेले, आणि बोलताना समोरच्याचा चहा चुकून पिऊन टाकायची सवय. तिने उपग्रहाची सगळी वर्षं आणि मावशीच्या सगळ्या वह्या शेजारी मांडल्या. बावीस वर्षं दोघांचं छान जमत होतं. नंतर बिनसलं. शेवटच्या चार वर्षांत मावशीची थाळी दरवर्षी थोडी थोडी वर गडप होत चालली होती, आठ मीटरवरून सात, सातावरून सहा. उपग्रह मात्र म्हणत होता की पाणी होतं तसंच आहे. पाणी गाळून प्लवक मोजायचं यंत्र केंद्रात होतं, पण ते पाच वर्षं एका सुट्या भागावाचून बंद पडलेलं. म्हणजे साक्षीदार दोनच, वरचा आणि खालचा.

"किनाऱ्याजवळ उपग्रह फसतो, मावशी," शास्त्रज्ञबाई म्हणाली. "हवेतली धूळ, पाण्यातला गाळ, काय काय आड येतं त्याच्या. तुमचे आकडे बघून मी त्याला वळण लावणार आहे. ह्या किनाऱ्यापुरती सुधारणा तयार करतेय. मग इतर लोकही तीच वापरतील. आणि लेखावर माझ्या नावाशेजारी तुमचं नाव असेल."

"माझं? कशाला?"

"सव्वीस वर्षं आकडे कुणी काढले?"

मावशीने तोंडाने "काहीतरीच तुमचं" म्हटलं, आणि संध्याकाळच्या आत ही बातमी लेकीला, शेजारणीला, वाण्याला आणि लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही, त्याने न विचारताच, सांगून टाकली. जावईबापूंना वळण लावायचा मान सासूला मिळणार, ह्या विनोदावर ती स्वतःच आठवडाभर हसत होती.

आता डोळ्यांचं. बोटीवर जाणाऱ्यांची दरवर्षी तपासणी व्हायची. दवाखान्यातला भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वीस वर्षं तोच. मावशीला आकडे, अक्षरं, खुणा पाठ व्हायच्या, तो तिचा स्वभावच. तक्ता तिला शेवटच्या बारीक ओळीसकट कधीच तोंडपाठ झाला होता. फसवायचं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. नर्सने "वाचा" म्हटलं की ती वाचायची, आणि आपण वाचतोय की आठवतोय, हे तिचं तिलाही कळत नव्हतं. घरी सुईत दोरा ओवेना, तर "हल्ली सुयाच बारीक निघतात." स्वयंपाकघरात अंधार वाटला, तर "हल्ली बल्बच मेले तसले." लेकीने तीन वेळा आणखी मोठे बल्ब लावले. शेवटच्या वेळी शेजारीण खिडकीतून विचारून गेली, "शूटिंग आहे का गं तुमच्याकडे?"

त्या वर्षी दवाखान्याला रंग दिला आणि जुना तक्ता गेला. नव्या तक्त्यासमोर मावशी वरच्या दोन ओळींवरच अडली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा अगदी पिकलेला. आधी उजवा करू, डाव्याचं दोन महिन्यांनी बघू. उजव्याची शस्त्रक्रिया झाली, थेंब झाले, काळा चष्मा झाला, वहीत पाच आठवडे 'रजा' असा शेरा पडला आणि सहाव्या आठवड्यात मावशी पुन्हा बोटीत येऊन बसली.

बंदराच्या बाहेर पडताच ती म्हणाली, "अरे, हे पाणी आज एवढं निळं काय?"

"हूं," हूंभाऊ म्हणाला.

ठरलेल्या जागी बोट थांबली. मावशीने बोटीच्या सावलीच्या बाजूला वाकून थाळी सोडली. सहाची खूण हातातून गेली, थाळी दिसत होती. सात गेली, दिसत होती. आठावर पांढरा ठिपका हिरव्यात विरघळला. मावशीला आनंद झाला. पाणी सुधारलं म्हणायचं! आणि तिने सहज, पाण्यावरची तिरीप डोळ्यात आली म्हणून, उजव्या डोळ्यावर हात धरला. दोरी जराशी वर ओढली. थाळी दिसेना. आणखी ओढली. दिसेना. सहाच्या खुणेला डाव्या डोळ्याला थाळी दिसली.

तिने पुन्हा सोडली. उजवा, आठ. डावा, सहा. पुन्हा. उजवा, आठ. डावा, सहा. पाणी तेच, ऊन तेच, मिनिटही जवळपास तेच. उजवा तर कधीचाच निकामी होता, म्हणजे इतकी वर्षं जे बघितलं ते ह्या डाव्याच्या भरवशावर. चार वर्षं पाणी गढूळ झालंच नव्हतं.

"भाऊ," ती म्हणाली, "खरं सांग. मी 'गेली' म्हणायचे तेव्हा तुला थाळी दिसायची?"

हूंभाऊ किनाऱ्याकडेच बघत राहिला. "मी बघत नसे."

"कधीतरी दिसली असेल."

"दिसली," तो म्हणाला. "दोन-तीनदा. चांगली दिसली. पण तुम्ही म्हणालात गेली, म्हणजे गेली. मी कोण सांगणारा?"

वीस वर्षांत तो एका दमात इतकं कधी बोलला नव्हता. मावशीला वाटलं, त्याने बोलून दाखवलं असतं तर! आणि लगेच आठवलं, त्याचं तोंड आपणच बंद केलं होतं. त्याला बोल लावायला तिला जागाच उरली नाही. जावईबापू डोक्यावरून आले आणि गेले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिने तारीख घातली, वेळ घातली, आणि थाळीचा रकाना रिकामा ठेवला.

घरी येऊन ती पलंगावर वह्या पसरून बसली. लेक ऑफिसातून आली, तिने आईला पाणी दिलं आणि तिचा चेहरा बघून शेजारी टेकली. मावशीने सगळं सांगितलं.

"मग आता?" लेकीने विचारलं.

"आता काय. माझ्या आकड्यांवर ती बाई उपग्रह सुधारायला निघालीये. चांगल्याला बिघडवून ठेवणार, आणि शेजारी माझं नाव."

"आई, तुला वर्ष उरलंय. डाव्या डोळ्याने बघत राहा, सहा लिही, निवृत्त हो. कुणाला कळणारे?"

लेक वाईट नव्हती. आईने नाव छापून येणार म्हणून कपाटातली चांगली साडी काढून उन्हात ठेवली होती, ते तिने पाहिलं होतं. मावशीने तिच्याकडे बघितलं, रागावली मात्र नाही. खरं सांगायचं तर हा विचार बोटीतून उतरता उतरता तिच्याही डोक्यात येऊन गेला होता आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटत होती.

"बाटली फुटलीय," ती म्हणाली. "काचा नेऊन ठेवायला हव्यात."

रात्री जेवण झाल्यावर तिने रंगपेटी काढली. दुरुस्तीला म्हणून ती आजच घरी आणलेली होती, कडी निखळली होती. कडी बसवून झाल्यावर ती नळ्यांकडे एकेका डोळ्याने बघत बसली. उजव्याला सहावी नळी निळसर दिसे, डाव्याला तीच पिवळट, जुन्या कागदासारखी. म्हणजे रंगाचा रकानाही गेला! मग तिला दुपारचं आठवलं. थाळीच्या रिकाम्या रकान्याशेजारी रंगाचा क्रमांक तिने नेहमीच्या सवयीने भरला होता, आणि भरताना दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने बघितलं होतं. दोन्ही वेळा सहावीच नळी जुळली होती. कशी? ती बराच वेळ विचार करत राहिली आणि मग एकटीच हसली. मेला डोळा पाण्याला पिवळं करत होता, तसा नळीलाही करत होता की! दोघांनाही सारखाच चष्मा. जुळवाजुळवीत त्याची लबाडी चालतच नव्हती. थाळी एकटी होती, तिच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं.

तिने वह्या उघडल्या. चार वर्षं थाळीचा आकडा घसरत होता. रंगाचा क्रमांक जागचा हलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शास्त्रज्ञबाईच्या खोलीत गेली आणि वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. "माझ्याकडून फुटली," ती म्हणाली.

"काय फुटलं?"

मावशीने सांगितलं. शास्त्रज्ञबाईचा लेख तयार होता, धाडायचं तेवढं बाकी होतं. खिडकीपाशी जाऊन ती पाठमोरी उभी राहिली. मावशीला वाटलं, आता ओरडली तर बरं होईल.

"मी सहा महिने उपग्रहाची चूक शोधतेय," ती शेवटी म्हणाली. "सापडेना, तर मला वाटलं मलाच येत नाही. तुमच्यावर संशय घ्यायचं डोक्यातही आलं नाही."

"तेच चुकलं तुमचं," मावशी म्हणाली. "आणि माझं."

"चार वर्षं बाद करावी लागतील, मावशी. लेखही. आणि लोक विचारतील, ही चार अशी, तर आधीची बावीस कशावरून खरी?"

मावशीला ह्याचीच भीती होती. सव्वीस वर्षं ऊन खाल्लं, मळमळ सोसली, लेक तापाने फणफणलेली असताना जावईबापूंची वेळ गाठली, ते सगळं एका डोळ्यापायी पाण्यात जाणार. तिने वही पुढे ओढली आणि रंगाच्या रकान्यावर बोट ठेवलं. शास्त्रज्ञबाई आधी उभ्याने बघत होती, मग बसली, मग केसांतली पेन्सिल काढली. तासाभराने तिने संगणकावर एक आलेख काढला. मावशीच्या रंगाचे सव्वीस वर्षांचे क्रमांक आणि उपग्रहाने वरून टिपलेला रंग एकमेकांच्या हातात हात घालून चालले होते, शेवटच्या चार वर्षांतसुद्धा. आधीच्या बावीस वर्षांत थाळीही त्यांच्याबरोबर होती. पुढे एकटी थाळीच वाट सोडून गेली होती.

"हा रकाना तुम्ही कधी चुकवला नाहीत," शास्त्रज्ञबाई म्हणाली.

"छापलेला होता ना," मावशी म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "अजून एक आहे. डावा डोळा माझ्याकडे अजून जुनाच आहे. तो आहे तोवर दोन्ही डोळ्यांनी थाळी बघून ठेवते. आठ असताना तो सहा म्हणतो. सहा असताना किती म्हणतो, दहा असताना किती म्हणतो, सगळं लिहून काढू. त्याची खोड एकदा कळली की निदान शेवटचं एखादं वर्ष तरी सुधारता येईल. तो गेला की मग कुणाला विचारणार?"

शास्त्रज्ञबाईने समोरचा चहा उचलून पिऊन टाकला. तो मावशीचा होता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मावशीच्या हातात तारीख ठेवली तर ती म्हणाली, "पुढची द्या."

"लोक लवकरची मागतात, तुम्ही पुढची मागताय. भीती वाटते का?"

"छे हो. ह्या डोळ्याचं थोडं काम शिल्लक आहे."

काम चार महिने चाललं. डाव्या डोळ्याने जिना चुकायचा, उजव्याने सावरायचा. एकदा ती पायरीवरून पडली, गुडघा फुटला, लेकीने तारीख आत्ताच्या आत्ता घे म्हणून दोन दिवस अबोला धरला. मावशीने गुडघ्याला पट्टी बांधली आणि तिसऱ्या दिवशी बोट गाठली. स्वच्छ दिवस, धुरकट दिवस, हिरवं पाणी, निळं पाणी, सगळं तिने दोन्ही डोळ्यांनी मोजलं. छत्तीस जोड्या झाल्या तेव्हा शास्त्रज्ञबाई म्हणाली, "पुरे. आता कृपा करून डोळा करून घ्या."

जे वाचलं ते वाचलं, जे गेलं ते गेलं. शेवटचं एक वर्ष सुधारून घेता आलं. त्याआधीच्या तीन वर्षांत डोळा कुठल्या महिन्यात किती बिघडला होता हे कुणालाच सांगता येणार नव्हतं, म्हणून थाळीची ती तीन वर्षं बाद झाली. मावशीने स्वतः त्या पानांवर पेन्सिलीने आडवी रेघ मारली, आणि शेऱ्याच्या रकान्यात आपल्या गोल अक्षरांत लिहिलं, "पाणी बरोबर होतं. चूक बघणाऱ्याची." खाली सही केली. नवा लेख निघाला तो उपग्रह बरोबर असल्याचा. त्यावर दोन नावं होती. मावशीने ते पान लेकीला दाखवलं, वाण्याला मात्र दाखवलं नाही.

डावा डोळा झाल्यावर ती पहिल्यांदा बोटीवर गेली तेव्हा नव्या वहीत थाळीचे दोन रकाने आखलेले होते. तिनेच पट्टी घेऊन आखले होते. बोट थांबली. हूंभाऊने सवयीने किनाऱ्याकडे तोंड केलं.

"इकडे ये," मावशी म्हणाली. "वाक. बघ."

तो चपापला. मग नांगराची दोरी पक्की करून तिच्या शेजारी वाकला. थाळी खाली जाऊ लागली. सहा, सात, आठ. मावशीच्या दोन्ही डोळ्यांसमोर पांढरा ठिपका लहान होत होत हिरव्यात मिसळला.

"गेली," ती म्हणाली.

मावशीने मान वर केली नाही, दोरी तशीच धरून ठेवली.

"नाही, मावशी," हूंभाऊ हळूच म्हणाला. "अजून दिसतेय."

मावशीने आपला आकडा पहिल्या रकान्यात लिहिला आणि त्याच्यासाठी दोरी आणखी थोडी सोडली.